पावसाळ्यात चहापत्तीचा वास का उडतो?

प्रश्न : सुटी चहापत्ती किलोने आणली की श्रावणापर्यंत बेचव होते. टी-बॅगचंही तेच. उपाय काय? (एक वाचक, देऊळघाट, जि. बुलढाणा)

उत्तर : कारखान्यातून निघताना पत्तीत जेमतेम ३ टक्के ओलावा असतो. इतकी कोरडी वस्तू हवेतली ओल ओढणारच, आणि शेजारचा वासही. मसाल्याच्या डब्यालगत ठेवली तर हिंगाचा चहा ठरलेला! त्यात घरोघरची सीटीसी पत्ती बारीक दाण्यांची. हवा जास्त लागते, म्हणून सुगंध लवकर जातो.

घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा उत्तम. काचेची बरणी दिसते छान, पण उजेडाने पत्ती खराब होते. डबा शेगडीपासून लांब हवा, चमचा कोरडा.

फ्रीज नकोच. बाहेर काढताच गार पत्तीवर दमट हवेतलं पाणी धरतं.

टी-बॅगचं खोकं कागदी असतं. बॅगा डब्यात काढाव्यात.

पावसाळ्यात मात्र किलोचा मोह सोडून पावशेरच आणावी.