जाणणें, ओळखणें आणि येणें : 'नो' ह्या इंग्रजी क्रियापदाचा अभ्यास

इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकांतच विद्यार्थ्याची ज्या क्रियापदांशीं गांठ पडते, त्यांत 'जाणणें' ह्या अर्थाचें 'नो' हें एक होय. त्याच्या आरंभीं 'के' हें अक्षर लिहितात, पण उच्चारीत नाहींत. म्हणून कानाला तें नकारार्थी 'नो' सारखेंच ऐकूं येतें. हें मुकें 'के' पुष्कळांस निरर्थक वाटतें. परंतु जुन्या इंग्रजींत त्याचा स्पष्ट उच्चार होत असे. १७ व्या व १८ व्या शतकांत तो लोपला, आणि लेखनांत खूण तेवढी राहिली. ही खूण आपल्या ओळखीची आहे. संस्कृतांतील 'ज्ञा' धातु, मराठींतील 'जाणणें' आणि हें इंग्रजी क्रियापद हीं एकाच कुळांतील होत. सर विल्यम जोन्स ह्यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषांचें मूळ एक असावें असें प्रतिपादन केलें; इंग्रजीहि त्याच कुटुंबांतील ठरली आहे. गुडघ्याला इंग्रजींत 'नी' म्हणतात, त्यांतहि असेंच मुकें 'के' आहे, आणि संस्कृतांत गुडघ्यास 'जानु' म्हणतात.

आतां अर्थाकडे वळूं. 'मला त्याचें नांव माहीत आहे', 'मी त्या गृहस्थांस ओळखतों' आणि 'मला पोहतां येतें' हीं तीन वाक्यें पहा. मराठींत तीन निराळीं क्रियापदें आलीं. इंग्रजींत तिन्ही ठिकाणीं 'नो' चालतें, मात्र तिसऱ्या ठिकाणीं त्याच्यापुढें 'हाउ टु' हे शब्द घालावे लागतात. 'मी जाणत आहें' ह्याचें शब्दशः भाषांतर करून 'आय अॅम नोइंग' असें लिहिलेलें आमच्या वारंवार पाहण्यांत येतें. तें अशुद्ध होय. जाणणें ही चालूं असलेली क्रिया नसून मनाची स्थिति आहे. म्हणून तेथें साधा वर्तमानकाळच योजावा.

इंग्रजींत एकत्र झालेले हे अर्थ अरबी भाषेंत निराळे पडलेले दिसतात. अरबी कोशांत क्रियापद 'त्यानें केलें' अशा भूतकाळी रूपानें देतात. त्याप्रमाणें 'अलिमा' म्हणजे त्यानें जाणलें, आणि 'अरफा' म्हणजे त्यानें ओळखलें. 'मी जाणतों' ह्यास 'अअलमु' व 'मी ओळखतों' ह्यास 'अअरिफु' म्हणतात. (अरबींतील 'ऐन' हा कंठांतून निघणारा वर्ण देवनागरींत नसल्यानें येथें 'अ' नें दाखविला आहे.) नित्याच्या बोलण्यांत मात्र 'अरफा' हेंच दोन्ही अर्थीं पुष्कळ वापरतात. अरबी धातु बहुधा तीन व्यंजनांचा असतो; त्यांतील मधलें व्यंजन दुहेरी केलें कीं प्रयोजक अर्थ येतो. 'अल्लमा' म्हणजे शिकविलें, 'अर्रफा' म्हणजे ओळख करून दिली. अर्थात् शिकविणें म्हणजे जाणावयास लावणें, असेंच ती भाषा सांगते.

ह्या दोन्ही धातूंचे शब्द फारशीच्या वाटेनें मराठींत येऊन घरचे झाले आहेत. पहिल्यापासून 'मालूम' व 'तालीम' हे आले. तालीम म्हणजे मुळांत शिक्षण. आपल्याकडे पहिलवानांच्या आखाड्यास व नाटकाच्या सरावास तें नांव मिळालें. दुसऱ्यापासून 'मारफत' व 'तारीफ' हे आले. मारफत म्हणजे ओळख. ज्याच्या ओळखीनें काम व्हावयाचें, त्याच्या मारफत तें होतें. तारीफ म्हणजे ओळख करून देणें. ती करून देतांना गुणच सांगितले जातात, म्हणून तिचा अर्थ स्तुति असा झाला.

शेवटीं पालकांस एक विनंति. सायंकाळीं आपण मुलास विचारतां, 'धडा आला का?' आणि तो घडाघडा म्हणून दाखवितो. त्याला धडा 'येतो' हें खरें. पण त्यांतील अर्थ तो 'जाणतो' काय, आणि तोच शब्द दुसऱ्या पुस्तकांत भेटला तर 'ओळखतो' काय, हेंहि पहावें. पुस्तक मिटून तीच गोष्ट त्याला स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावावी. तो अडखळला तर रागें भरूं नये. रागाच्या भयानें मूल न समजलेलें समजलें म्हणूं लागतें, आणि तेथेंच त्याची वाढ खुंटते.

विद्यार्थ्यांनींहि लक्षांत ठेवावें कीं, इंग्रजींतील दोन्ही 'नो' कानाला सारखेच आहेत. 'समजलें काय?' असें गुरुजींनीं विचारलें असतां ज्याला नकाराचा 'नो' प्रामाणिकपणें उच्चारतां येतो, त्यालाच पुढें ज्ञानाचा 'नो' लाभतो.