जमिनीची हद्द : कागदावरील आणि जागेवरील

शेतजमीन तारण देऊ इच्छिणारे ग्राहक सातबाऱ्याचा उतारा, आठ-अ आणि फेरफाराच्या नोंदी घेऊन येतात. सातबारा आपल्या नावे आहे, म्हणजे जमिनीविषयीचे सारे प्रश्न मिटले, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः जमीन कोणाची आणि किती, एवढेच सातबारा सांगतो. ती नेमकी कोठे संपते, हे त्यावरून कळत नाही. खरेदीखतातील चतुःसीमांमध्ये बहुधा शेजाऱ्यांची नावे असतात आणि एका पिढीत ती नावे बदलून जातात.

समजा, एका शेतकऱ्याने कर्ज काढून बांधालगत विहीर खोदली. पाणी लागले, पंप बसला आणि दोन वर्षांनी शेजाऱ्याने करविलेल्या मोजणीत विहिरीचा निम्मा घेर शेजाऱ्याच्या गटात निघाला. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. असे घडण्यास बांध फार सरकलेला असावा लागतो, असेही नाही. नांगरताना दरवर्षी एखादे तास अधिक ओढले जाते. दोनशे मीटर लांबीचा बांध केवळ अर्धा मीटर सरकला, तरी सुमारे एक गुंठा क्षेत्र पलीकडे जाते.

यावरील कायदेशीर उपाय म्हणजे ‘हद्द कायम मोजणी’. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १३२ व त्यापुढील कलमे हद्दी व हद्दीच्या निशाण्यांविषयी आहेत. मोजणीसाठी तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडे अर्ज करावा लागतो. तो आता ऑनलाइनही करता येतो. अर्जात लगतच्या खातेदारांची नावे व पत्ते अचूक द्यावेत. ही बाब क्षुल्लक वाटते. परंतु ज्या शेजाऱ्यास नोटीसच पोहोचली नाही, त्याच्याविरुद्ध ती मोजणी पुढे न्यायालयात टिकणे अवघड जाते.

मोजणीचा आधार असतो तो जुन्या अभिलेखाचा. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी भूमापनाची पद्धत बसविली, तिच्यावरच मुंबई इलाख्यातील पुढील अभिलेख उभे राहिले. तेहेतीस फुटांच्या साखळीचे सोळा आणे असत आणि एका साखळीचा चौरस म्हणजेच आपला गुंठा! आज साखळीऐवजी उपग्रहाधारित रोव्हर वापरला जातो. तथापि जुळवून पाहायचे असते ते मूळ नकाशाशीच.

मोजणीनंतर हद्दीच्या खुणा दाखविल्या जातात व ‘क’ प्रत नकाशा मिळतो. त्यात वहिवाटीची रेषा आणि अभिलेखातील रेषा वेगवेगळ्या दर्शविलेल्या असल्यास, अतिक्रमण कोठे व किती ते स्पष्ट होते. निष्कर्ष मान्य नसल्यास ‘निमताना’ आणि त्यावर ‘सुपर निमताना’ मोजणीची मागणी करता येते.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. मोजणी कर्मचारी हद्द दाखवितो; ताबा देत नाही. खुणा मिळताच कुंपण उखडणे म्हणजे फौजदारी प्रकरण ओढवून घेणे होय. ताब्यासाठी संहितेनुसार महसूल अधिकाऱ्यांकडे अथवा दिवाणी न्यायालयात जावे लागते. न्यायालयही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ अन्वये आयुक्त नेमून जागेची पाहणी करवू शकते. मात्र फार काळ स्वस्थ बसू नये. शेजाऱ्याचा कब्जा उघड, अखंड व आपल्या हक्कास विरोधी असा बारा वर्षे राहिला, तर मुदत कायदा, १९६३ अन्वये आपला दावाच मुदतबाह्य ठरू शकतो.

अन्य राज्यांत उताऱ्यांची व कार्यालयांची नावे भिन्न आहेत. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी ‘एक-चौदा’चा उतारा असतो, तेथील ग्राहकांनी स्थानिक भूमापन कार्यालयात चौकशी करावी.

आणखी एक व्यावहारिक सूचना. उसाचे उभे पीक असता मोजणी करणे कठीण होते. म्हणून बहुतेकजण रान मोकळे असताना, उन्हाळ्यात अर्ज करतात आणि त्यावेळी कार्यालयात गर्दी उसळते. पावसाळ्यापूर्वी विहीर खोदावयाची असेल, तर मोजणीचा अर्ज दिवाळीच्या सुमारासच दिलेला बरा.