‘बिअरच घेतलीय, डॉक्टर’

डिसेंबर जवळ आला की उत्तर गोव्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टी सांभाळलेला हा डॉक्टर अजून चिडतो. रागाचं कारण पुण्याकडचे तिघे मित्र. पहाटे तीनला चौथ्याला उचलून आणलं आणि एकच पालुपद लावलं: “बिअरच घेतलीय, डॉक्टर. दिवसभर उन्हात होता.”

त्याने विश्वास ठेवला. काखेत थर्मामीटर लावला, १०२. पॅरासिटामॉलची बाटली लावली. त्यात वीस मिनिटं गेली, आणि नंतर वरिष्ठांनी त्याला झापलं ते याच वीस मिनिटांवरून.

लक्षात आलं ते पायापाशी. पोराचा तळवा त्याने झटक्यात वर दाबला, तर पाऊल शिलाई मशीनच्या पायट्यासारखं आपलं आपणच हलत राहिलं. थांबेचना. मग बाकीचंही दिसायला लागलं. मोठ्या झालेल्या बाहुल्या, करकचून आवळलेला जबडा, पिळून काढावा असा घामेजलेला शर्ट, खिशात च्युइंगमची चार पाकिटं. बिअरने माणूस असा ताठत नाही. गुदमार्गातून ताप घेतला तर १०६!

तिघांतल्या सगळ्यात गप्प पोराला त्याने एकट्याला बाहेर घेतलं. “पोलिसांचं नंतर बघू. काय आणि किती, एवढंच बोल.” एक्स्टसीच्या, म्हणजे एमडीएमएच्या, दोन गोळ्या. हे दारातच सांगितलं असतं तर?

म्हणून आता तो ज्युनिअरांना बजावतो, मित्रांना वेगवेगळं विचारा. ‘एमडी’ म्हणाले तर आपल्याकडे ते बहुधा मेफेड्रोन असतं, एमडीएमए नव्हे. पण धोका त्याच जातीचा. लघवीच्या झटपट किटवर विसंबू नका, केटामाइन किंवा जीएचबी त्यात सहसा सापडतच नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि श्वास मंद असेल तर मामला अफूवर्गीय, तिथे नॅलोक्सोन.

एक्स्टसीचा ताप पॅरासिटामॉलला दाद देत नाही, कारण उष्णता ताठरलेले, थरथरणारे स्नायू निर्माण करत असतात. आधी शिरेतून मिडॅझोलाम किंवा लोराझेपाम, सोबत ओल्या चादरी, पंखा, बर्फ. त्या रात्री बर्फ शेजारच्या बारमधून आला. तरीही ताप उतरला नाही तर भूल देऊन, स्नायू सैल करून व्हेंटिलेटर. पण सक्सिनिलकोलीन टाळायचं, पोटॅशियम आधीच चढलेलं असू शकतं. ट्रामाडॉलही नको. सायप्रोहेप्टाडिन, म्हणजे मुलांची भूक वाढवायला देतात तेच औषध, १२ मिलिग्रॅम नळीतून देता येतं.

आणि सोडियम बघितल्याशिवाय सलाइन धो धो सोडायचं नाही. १९९५ साली इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये अठराव्या वाढदिवसाला एक्स्टसी घेतलेली एक मुलगी दीड तासात सुमारे सात लिटर पाणी प्यायली. सोडियम घसरलं, मेंदूला सूज आली आणि ती गेली. अशा रुग्णाला झटके आले तर ३ टक्के सलाइन लागतं.

एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिकोलीगल नोंद, करावीच लागते. उपचार तिच्यासाठी थांबत नाहीत, हे मित्रांना दारातच सांगावं. बाकी शांत राहा, टीमवर्क ठेवा वगैरे सगळेच सांगतात.

केसपेपरवर त्याने ‘मित्रांच्या सांगण्यानुसार फक्त बिअर, ३.१०’ असं वेळेसकट लिहिलं होतं. चौकशीत तो निभावला तो त्या एका ओळीवर. पोरगा चहासारख्या लघवीतून, आयसीयूतून सावरला. डिस्चार्जच्या दिवशी तिघे पेढे घेऊन आले. त्याने ते न उघडताच वॉर्डबॉयच्या हातात दिले.