अर्जंट केअर की इमर्जन्सी?

अमेरिकेत नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी, इथे बरीच वर्षं राहिलेल्या कुटुंबांच्या अनुभवांतून ही माहिती एकत्र केली आहे.

आपल्या बोलण्यात ‘अर्जंट’ म्हणजे सगळ्यात तातडीचं. इथल्या दवाखान्यांत मात्र ‘अर्जंट’ची पायरी ‘इमर्जन्सी’च्या खाली आहे. आजच दाखवायला हवं, पण जिवाला धोका नाही, ते अर्जंट. जीव किंवा एखादा अवयव धोक्यात आहे, ती इमर्जन्सी.

अर्जंट केअर
मुरगळलेला पाय, कानदुखी, लघवीची जळजळ, एखाद-दोन टाके पडतील अशी जखम. अपॉइंटमेंट लागत नाही, बहुतेक ठिकाणी एक्स-रेही निघतो. ही केंद्रं सहसा रात्री बंद होतात. आपल्या इन्शुरन्सच्या नेटवर्कमधलं जवळचं केंद्र आणि त्याच्या वेळा आधीच पाहून ठेवा.

इमर्जन्सी
छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, हात उचलता न येणं, जीभ जड होणं, न थांबणारा रक्तस्राव, डोक्याला मार लागून शुद्ध हरपणं. अशा वेळी स्वतः गाडी काढू नका, ९११ ला फोन लावा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर लगेच डॉक्टरांना फोन करा. ते मिळाले नाहीत तर इमर्जन्सी गाठा. तिथे नंबर दुखण्याच्या गांभीर्यानुसार लागतो, आल्याच्या क्रमाने नाही.

खर्च
इमर्जन्सीचं बिल अर्जंट केअरच्या कितीतरी पट येऊ शकतं. टेक्सासमध्ये दुकानांच्या रांगेतही स्वतंत्र इमर्जन्सी केंद्रं असतात. दिसायला अर्जंट केअरसारखी, बिल मात्र इमर्जन्सीचं. म्हणून पाटी नीट वाचा. पण खरं संकट असेल तर खर्चापायी थांबू नका. १९८६ च्या कायद्यानुसार, मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याशी जोडलेल्या रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागाला इन्शुरन्स नसलेल्या रुग्णालाही तपासावं आणि त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. बिल नंतर येतं, तेव्हा आर्थिक मदतीसाठी रुग्णालयाकडे चौकशी करा.

आई-बाबा आलेले असताना
सगळ्यांत जास्त जपायचं ते इथे. मुलांचे डॉलर वाचावेत म्हणून आई-बाबा दुखणं अंगावर काढतात, ‘ॲसिडिटी असेल’ म्हणतात. त्यांना पहिल्याच दिवशी सांगा, की छातीत दुखलं तर पैशांचा विचार करायचा नाही. ९११ कसा लावायचा ते दाखवा. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुन्या आजारांना किती संरक्षण आहे, ते घेण्याआधीच वाचा.

फोनवर काय सांगायचं
९११ वर नुसतं ‘अर्जंट आहे’ म्हणू नका. आधी पत्ता, मग लक्षण, ते कधी सुरू झालं आणि रुग्णाचं वय सांगा. इंग्रजी अडत असेल तर ‘मराठी इंटरप्रिटर’ मागा. रुग्णालयातही ही सोय विनामूल्य मागता येते.

फ्रिजवर एक कागद लावा. त्यावर घराचा पूर्ण पत्ता, प्रत्येकाची औषधं आणि ॲलर्जी लिहा. चुकून भलतं काही पोटात गेलं तर विचारण्यासाठी पॉयझन कंट्रोलचा १-८००-२२२-१२२२ हा नंबरही लिहा. माणूस शुद्धीवर नसेल तर थेट ९११.