पेट्रोलचा काटा खोटे का सांगतो?

गेल्या वैशाखातील गोष्ट. आमच्या वृद्ध आत्याबाईंस डोळ्यांच्या शस्त्रक्रियेकरिता आम्ही यवतमाळहून नागपुरास घेऊन चाललो होतो. मोटार जुनी, वडिलांच्या वेळची. कळंबच्या अलीकडे ती आचके देऊन थांबली. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता. त्यामुळे पेट्रोल संपले असेल अशी शंकाही कोणास आली नाही. तासभर आम्ही इंजिनातच दोष शोधीत राहिलो. अखेर एका ट्रकचालकाने गाडी हलवून टाकीशी कान नेला व म्हटले, "सायेब, टाकी तं कोरडी हाये!" आत्याबाई बाभळीच्या विरळ सावलीत उन्हाचे चटके सोशीत बसल्या होत्या, आणि शस्त्रक्रियेची ठरलेली वेळ टळली.

परत आल्यावर एका कारागिराने न तपासताच सांगितले की, सर्व मीटर बदलावे लागेल. परंतु जुन्या गाड्यांचे सुटे भाग आता सहज कोठे मिळतात? कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन सुमारे २००० साली थांबले, अॅम्बेसडरचे २०१४ साली. म्हणून आधी दोष शोधावा, मग खर्च करावा, असे आम्ही ठरविले. तो शोध विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

प्रथम या यंत्राची रचना पाहू. टाकीत पेट्रोलवर एक पोकळ फ्लोट तरंगत असतो. तो एका दांडीस जोडलेला असून, पेट्रोलबरोबर दांडी वरखाली होते व तिचे टोक एका रोधक तारेवरून सरकते. त्यामुळे विजेच्या मार्गातील रोध कमीअधिक होतो, आणि त्या मानाने चालकासमोरील काटा फिरतो. बॅटरीतून निघालेली वीज मीटरमधून टाकीकडे येते व गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीकडे परत जाते. या परतीच्या वाटेस कारागीर 'अर्थ' म्हणतात. तेव्हा दोषाची स्थाने चार: मीटर, तार, टाकीतील यंत्र आणि अर्थ. चौघांपैकी अपराधी कोण, एवढाच प्रश्न.

येथे एक सूचना ध्यानात ठेवावी. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते, आणि एका ठिणगीने पेट घेते. म्हणून काम उघड्या हवेत, वडील माणसांच्या देखत करावे. काडी ओढू नये. आणि तार काढताना वा जोडताना गाडीची किल्ली बंदच असावी.

आम्ही डिकीतील गालिचा उचलून टाकीवरील तार सोडविली, आणि मग किल्ली फिरविली. काटा 'पूर्ण' या खुणेवर गेला. किल्ली बंद करून तीच तार सांगाड्याच्या स्वच्छ धातूस जोडली व पुन्हा किल्ली फिरविली. काटा 'रिकामी' या खुणेवर आला. कित्येक गाड्यांत हा क्रम नेमका उलट असतो. परंतु दोन वेळा काटा दोन टोकांस गेला म्हणजे मीटर व तार ही दोन्ही निर्दोष ठरतात. काटा हललाच नसता, तर फ्यूज, तार व मीटर पाहावे लागले असते. इंजिनाच्या उष्णतेचा काटाही तेव्हाच बिघडला असेल, तर दोन्ही काट्यांस वीज पुरविणाऱ्या सामाईक जागी संशय घ्यावा.

आता टाकीतील यंत्र व अर्थ ही दोनच राहिली. तार पूर्ववत् जोडून, टाकीच्या पत्र्यापासून सांगाड्यापर्यंत आम्ही एक निराळी तार बांधली. किल्ली फिरविताच अर्ध्यावरचा काटा खाली उतरला! टाकी जेथे सांगाड्यास बोल्टने आवळलेली होती तेथे गंज चढला होता. गंजाने रोध वाढला, आणि आमच्या गाडीत रोध अधिक म्हणजे पेट्रोल अधिक असा संकेत असल्याने, नसलेले पेट्रोल काटा दाखवीत होता. नवे मीटर बसविले असते, तर तेही तेच खोटे सांगते! पॉलिश पेपरने गंज घासून बोल्ट पुन्हा आवळला, आणि काम झाले. नंतर पाच पाच लिटर पेट्रोल घालून काटा कोठे येतो याची नोंद करून ठेवली.

या उपायाने काटा सुधारला नसता, तर टाकीतील यंत्र बाहेर काढावे लागले असते. फ्लोटला छिद्र पडून आत पेट्रोल शिरले, तर तो बुडतो व टाकी भरलेली असूनही काटा रिकामी दाखवितो. दांडी अडकली, तर काटा एकाच जागी राहतो. रोधक तार मध्येच झिजली, तर ठराविक पातळीवर काटा एकाएकी उडी मारतो.

आपल्या यवतमाळकरांस ही शिकवण नवी नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर या अरुंद लोहमार्गावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावत असे. वाफेच्या इंजिनात बॉयलरमधील पाण्याची पातळी एका काचनळीत दिसते. नळीची वाट चोंदली, तर बॉयलर कोरडा पडत असताही तीत पाणी दिसत राहील व अनर्थ ओढवेल. म्हणून जाणता चालक नळीतील पाणी तोटी उघडून सोडून देतो, आणि ते पुन्हा झपाट्याने वर चढते की नाही ते पाहतो.

आम्ही मात्र अर्ध्या टाकीच्या विश्वासावर तासभर इंजिनास दोष देत बसलो. आत्याबाईंची शस्त्रक्रिया पुढे पंधरा दिवसांनी यथास्थित पार पडली. त्या वेळी काटा ठीक होता. तरीही निघण्यापूर्वी आम्ही मागील वेळी किती पेट्रोल भरले व त्यावर किती किलोमीटर झाले, याचा हिशेब वहीत पाहूनच गाडी काढली. पालकांनीही आपल्या मुलांस अशी एक वही गाडीत ठेवावयास सांगावे.