झोपेच्या वेळचं गणित

पाळणाघर कसं चालतं हे बघायचं असेल तर सकाळी नऊला जाऊ नका. तेव्हा सगळं झकास असतं. सगळ्या टीचर हजर, फळ्यावर तारीख, मुलं गोलात बसून गाणी म्हणताहेत. जायचं तर दुपारी एकच्या सुमारास जा. मुलं झोपलेली, टीचर आळीपाळीने जेवायला गेलेल्या आणि स्वयंपाकघरात आवराआवर.

सिंगापुरात मी बरीच वर्षं लहान मुलांना शिकवते आहे. इथे परवाना देणारी सरकारी यंत्रणा म्हणजे ईसीडीए, २०१३ साली स्थापन झालेली. जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या कायद्याने चाइल्डकेअर आणि किंडरगार्टन दोन्ही एकाच परवान्याखाली आले. परवाना जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा. कारभार ढिसाळ दिसला तर मुदत कमी होते, दंड होतो आणि प्रकरण गंभीर असेल तर परवानाच जातो. तपासणीला अधिकारी न कळवताही येतात.

आमच्याकडे तपासणी अधिकारी बाई आल्या त्या अशाच न कळवता आणि नेमक्या झोपेच्या वेळी. सेंगकांगमधल्या एका एचडीबी ब्लॉकच्या, म्हणजे सरकारी निवासी इमारतीच्या, तळमजल्यावर आमचं केंद्र होतं. त्याचं नाव सांगत नाही, आता ते चालवणारे लोकही बदललेत. केंद्र सांभाळणाऱ्या आमच्या लीडरने लगबगीने फायली काढल्या. बाईंनी त्या हातातही घेतल्या नाहीत. त्या झोपेच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि बोटाने हवेत मोजू लागल्या. त्या गाद्या मोजत होत्या. मग हजेरीचं पान मागितलं. हजेरीत पंधरा मुलं, गाद्यांवर सोळा.

सोळावा मुलगा पॉलिक्लिनिकमधून उशिरा आला होता. आईने त्याला दारातच सोपवलं, घाईघाईने निघून गेली आणि नोंद राहिली. वरवर पाहता क्षुल्लक बाब. पण बाईंनी एकच प्रश्न विचारला: आत्ता आगीचा भोंगा वाजला आणि तुम्ही बाहेर जमून पंधरा मुलं मोजलीत, तर आत कोण राहिलं हे कुणाला कळेल? कुणी काही बोललं नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट होती. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांसाठी इथे आठ मुलांमागे एक शिक्षिका लागते. त्याहून लहान बाळांसाठी पाचामागे एक. म्हणजे त्या खोलीत दोघी हव्या होत्या आणि होती एकच. वेळापत्रकावर दुसरं नाव होतं ते आमच्या चिनी शिकवणाऱ्या लाओशीचं. गंमत अशी, की त्याच वेळेला शेजारच्या वर्गाच्या रकान्यातही तिचंच नाव होतं! कागदावर दोन्ही वर्ग भरलेले, प्रत्यक्षात बाई एकच. एक टीचर आजारी पडली होती आणि बदली माणूस मागवायचा खर्च व्यवस्थापनाला नको होता. आम्ही टीचर आपसात याबद्दल रोज कुरकुरत होतो. वर बोललो होतो तेव्हा ‘आठवडाभर निभावून न्या’ असं उत्तर मिळालं होतं. तो आठवडा काही संपत नव्हता.

मग बाकीचं निघत गेलं. मागचं आगीचं दार आपोआप बंद व्हायला हवं, ते रबरी पाचर लावून उघडं ठेवलेलं, कारण तांदळाची पोती आत आणायला माकचिकला, म्हणजे स्वयंपाकाच्या मावशींना, तेच सोयीचं. बाळांच्या खोलीतला गरम पाण्याचा थर्मास ओट्याच्या कडेला. खेळण्यांचं उंच कपाट भिंतीला न ठोकता नुसतं टेकवलेलं. सहा वाजता धावपळ करत येणाऱ्या पालकांना यातलं काही दिसत नाही, आणि आम्हालाही रोज बघून बघून दिसेनासं झालं होतं.

नूतनीकरणाच्या वेळी परवाना अगदी तोकड्या मुदतीचा मिळाला. व्यवस्थापनाने काय करावं? सल्लागार आणला, नव्या फायली केल्या, रंगीत तक्ते लावले. माणूस मात्र वाढवला नाही. दोन चांगल्या टीचर सोडून गेल्या, काही पालकांनी मुलं काढली. फायली जाड होत गेल्या की समजावं, वर्गातली कुठली तरी बाई कमी झालीय.

म्हणून जे केंद्र चालवतात किंवा चालवायचं म्हणतात, त्यांना माझं सांगणं आहे, की वेळापत्रक दिवसाचं लिहू नका, अर्ध्या अर्ध्या तासाचं लिहा. सकाळी सातची पहिली टीचर, जेवणाच्या पाळ्या, संध्याकाळी वर्ग एकत्र करायची वेळ, या फटींत कोण उभं आहे ते नावानिशी ठरवा. एक नाव एका वेळी एकाच खोलीत. बदलीची माणसं आधीच ओळखीची करून ठेवा, ऐनवेळी एजन्सीला फोन लावून माणूस मिळत नाही. मुलांची मोजणी दर वेळी खोली बदलताना करा, आणि ती डोकी मोजून. हजेरीचा कागद बघून ‘सगळे आहेत’ म्हणणं ही मोजणी नव्हे. बागेतून परतताना लिफ्टपाशी एकदा आणि वर्गात शिरल्यावर पुन्हा एकदा. मूल हरवतं ते वर्गात क्वचितच, बहुधा दोन जागांच्या मधे.

टीचरने काय करावं? खोलीत माणूस कमी असेल तर तोंडी सांगून थांबू नका. तारीख, वेळ, किती मुलं, किती जणी, एवढं लीडरला लिहून पाठवा. कटकटी म्हणतील, म्हणू देत. मूल पडलं, चावलं, खरचटलं तर त्याच दिवशी लिहा आणि पालकांना तुम्ही आधी सांगा. मुलाने घरी जाऊन सांगितल्यावर केलेला खुलासा कुणालाच खरा वाटत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये इथल्या एका केंद्रातले मुलांशी दांडगाईचे व्हिडिओ पसरले आणि सगळं शहर हादरलं. त्यानंतर १ जुलै २०२४ पासून प्रीस्कूलमध्ये सीसीटीव्ही बंधनकारक झाले. चांगलंच झालं. पण कॅमेरा झालेलं दाखवतो, होणारं थांबवत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली, तीही कॅमेऱ्यासमोरच. चित्रण पाहिलं गेलं ते बाळाच्या अंगावर जखमा दिसल्यानंतर.

ठाण्याहून एका ओळखीच्या ताईंचा मध्यंतरी फोन आला. त्यांना सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये पाळणाघर काढायचं होतं. ‘तुमच्यासारखे नियम आमच्याकडे कुठे गं?’ म्हणाल्या. खरं आहे. भारतात मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं सक्तीचं झालं, पण गल्लीतल्या पाळणाघरात दारात उभं राहून गाद्या मोजायला कुणी येत नाही. मी त्यांना म्हटलं, मग आठाला एक हे प्रमाण तुम्हीच कागदावर लिहून दाराला लावा, म्हणजे नववं मूल घ्यायचा मोह झाला की पालकच तुम्हाला विचारतील. त्या जरा नाराज झाल्या. नवव्या मुलाच्या फीवरच त्यांचं गणित बसत होतं.

आणि पालकांनो, प्रवेश घेताना अभ्यासक्रमाची पत्रकं नंतर वाचा. भिंतीवरच्या परवान्याची मुदत बघा, आणि ती तोकडी असेल तर कारण विचारा. मुलाला न्यायला आई-बाबांखेरीज कुणी आलं तर काय करता, तापाचं औषध कुणाच्या लेखी परवानगीने देता, हेही विचारा. शेवटची टीचर किती वाजता निघते आणि तोवर तिच्याबरोबर दुसरं कोण असतं, याचं उत्तर मिळायला वेळ लागला तर दुसरं केंद्र बघायला लागा.