प्रतिसृष्टीतील खरेपणा

सायंकाळच्या अंधुक प्रकाशात वाटेवरची दोरी सर्प भासते, हा वेदान्तातील दृष्टान्त आपल्या परिचयाचा आहे. दिवा आणला की सर्प नाहीसा होतो व दोरी उरते. पण भोवतालचे सारे विश्वच असा भास असेल तर?

ही शंका नवी नाही. एखादी बलाढ्य, कपटी शक्ती आपणांस सर्व बाबतींत फसवीत असेल, अशी कल्पना फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६४१ मध्ये मांडली. तीतूनही एक गोष्ट निभावली : फसणारा 'मी' तरी असलाच पाहिजे! २००३ मध्ये निक बॉस्ट्रम यांनी या शंकेस संगणकयुगाचे रूप दिले. त्यांच्या मते तीन विधानांपैकी एक तरी खरे असले पाहिजे. आपल्यासारख्या जवळजवळ सर्व जाती अतिप्रगत होण्यापूर्वीच लयास जातात. अथवा अतिप्रगत झालेले समाज आपल्या पूर्वजांच्या जीवनाची संगणकीय प्रतिसृष्टी सहसा निर्माण करीत नाहीत. अथवा आपण स्वतःच बहुधा अशा प्रतिसृष्टीत राहत आहोत. तिसरेच विधान खरे, असे मात्र त्यांनी म्हटलेले नाही.

क्षणभर तेही खरे मानू. मग सत्याने वागण्यात, कष्टाने विद्या मिळविण्यात अर्थ तो कोणता?

आपण पुन्हा त्या दोरीकडे वळू. समजा, त्या वाटेने दोघे भाऊ चालले आहेत. सर्प दिसताच थोरला धाकट्यास मागे सारतो आणि स्वतः पुढे उभा राहतो. मागाहून दिवा येतो. सर्प खोटा ठरला. पण धाकट्याची भीती खोटी होती काय? थोरल्याचे धैर्य खोटे होते काय? दिव्याने सर्प नाहीसा केला. बंधुप्रेम मात्र अधिकच उजळून दाखविले.

कोणी म्हणेल, तो धाकटा भाऊही संगणकातील अंकांचाच घडलेला असेल! असो. डेव्हिड चामर्स यांनी २०२२ मधील आपल्या ग्रंथात अशा सृष्टीतील वस्तूही खऱ्याच होत, असे प्रतिपादिले आहे. आम्हांस तर वाटते की, ज्यास वेदना होते तो अणूंचा घडला आहे की अंकांचा, हा प्रश्न गौण आहे. त्याची वेदना खरी आहे, म्हणून आपले कर्तव्यही खरे आहे. अद्वैतमतानेही परमार्थदृष्ट्या जगास मिथ्या म्हटले, तरी त्याची व्यावहारिक सत्ता मान्य केलीच आहे.

सृष्टी कोणी व कशाची रचली, हे आपल्या हाती नाही. तीत आपण कसे वागावे, हे आपल्या हाती आहे. दिवा येईल तेव्हा येवो. तोवर धाकट्याच्या पुढे उभे राहणे, एवढे आपण करू शकतो.